ताटाच्या दगडावरची रेंज

घरात वायरचं इंटरनेट घ्यायचं की मोबाईलचं, हा प्रश्न लोक दुकानात उभं राहून सोडवतात. आमच्या घरात तो भाऊबंदकीनं सोडवला. त्यात माझी अक्कल किती आणि माझा आवाज किती, हे पुढं कळेलच.

मंगळवार पेठेतलं आमचं घर म्हणजे एका घराची झालेली दोन घरं. रस्त्याकडची बाजू थोरल्या काकांची, म्हणजे आता माझ्या चुलत भावाची. त्याला मी दादा म्हणतो. मागची बाजू आमची. आमच्याकडं यायचं तर बाजूच्या बोळातनं अंग चोरून यावं लागतं. मध्ये दोघांची परसं आणि त्यांच्या मधोमध छातीएवढी भिंत. ही भिंत घातली तेव्हा गवंड्याजवळ एक रुंद शहाबादी फरशी उरली होती. ती आईनं आणि काकूनं भिंतीच्या डोक्यावर बरोबर मध्यावर बसवून घेतली. वाटण्या बाप्यांनी केल्या होत्या. त्या दगडाची वाटणी मात्र दोघी जावांनी करू दिली नाही.

तो आमचा ताटाचा दगड. सणाला आमच्या घरचं नैवेद्याचं ताट त्या दगडावर जायचं, पलीकडून उचललं जायचं आणि मग तिकडचं ताट इकडं यायचं. आमचं घर धाकटं, म्हणून आमचं ताट आधी. नियम दोनच. दगडावर ठेवलं ते समोरच्या घराचं झालं, परत मागायचं नाही. आणि रिकामं भांडं परत पाठवायचं नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर टाकायची, पण मोकळं नाही. बाप्यांनी सह्या करून केलेली वाटणी वर्षात दोनदा मोडायची. हे दोन नियम कधी मोडले नाहीत.

नव्वदीत पेठेत फोन थोडेच होते. त्यातला एक दादाकडं होता. आमच्या पाव्हण्यारावळ्यांना आम्ही त्याचाच नंबर द्यायचो. फोन आला की वहिनी, म्हणजे दादाची बायको, दगडापाशी येऊन हाक मारायची आणि मी भिंतीवरून उडी टाकून पळायचो. माझ्या लग्नाची बोलणीही त्याच फोनवर झाली. "मुलगा कसा आहे?" असं पलीकडून माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा दादानं मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "गरीब हाय. डोकं जरा कमी चालतंय, पर गरीब हाय." तरीही लग्न झालं. हा दादाचा माझ्यावरचा उपकार समजायचा की सासऱ्यांचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढं दादानं छपराचे पत्रे बदलले. पन्हळ फिरली आणि त्याच्या पत्र्यावरचं सगळं पाणी आमच्या परसात धबाधबा पडायला लागलं. मी त्याला बोललो. आता मी बोललो म्हणजे बोळाच्या तोंडाला असलेल्या पानाच्या टपरीपर्यंत ऐकू गेलं; आमच्याकडं कानगोष्टसुद्धा तेवढ्यानंच होते. मग तोही बोलला. तो बोलला तेव्हा टपरीवरची माणसं बोळात येऊन उभी राहिली. आणि त्यानंतर आम्ही दोघंही बोलायचे थांबलो. ताटं तेवढी चालू राहिली. वहिनी आणि माझी बायको ताट ठेवायच्या, डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि न बोलता माघारी फिरायच्या.

अशी बरीच वर्षं गेली. दोन हजार साल उलटूनही सात-आठ वर्षं झाली असतील. माझी मुलगी हायस्कुलात जायला लागली आणि बायकोला दुपार मोकळी सापडायला लागली.

बायको इचलकरंजीची. माहेरी यंत्रमाग होते. साडीचा काठ विणायचा तर आधी तो चौकोनी आखलेल्या कागदावर चौकोन भरून काढावा लागतो. एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. ही लहानपणी मागांच्या खडखडाटात बसून तेच चौकोन रंगवायची. लग्नानंतर ते सुटलं. आता तिनं एक वापरलेला कॉम्प्युटर घेतला, त्यावर तेच चौकोन भरायला शिकली आणि माहेरच्या ओळखीतल्या एका माग मालकाला दोन काठ काढून पाठवले. पाठवले म्हणजे पेनड्राईव्ह रुमालात बांधून एसटीनं पाठवला. मालक सीमेकडचे, बोलण्यात निम्मं कानडी. त्यांचा फोन आला.

"अक्का, डिझाइन फस्क्लास हाय. पर हिकडं मला एक फूल हलवायचं झालं तर तुमची एसटी येईपतूर माझा माग बसून ऱ्हातोय. नेट घ्या. मेल करा. मग काम कायमचं तुमचं."

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "मला हे काम पाहिजे."

मी घास हातात घेऊन तिच्याकडं बघत राहिलो. ही बाई लग्नाला होकार देतानासुद्धा "बघू" म्हणाली होती. तिला काहीतरी पाहिजे आहे, असं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

दुसऱ्याच दिवशी मी वायरच्या नेटसाठी अर्ज दिला. लाइनमन आला, वर बघितलं, डोकं खाजवलं.

"पावणं, खांब हाय पुढच्या घराम्होरं. वायर त्यांच्या पत्र्यावरनंच आणाय लागणार. त्यास्नी तेवढं इचारून घ्या."

"तुम्हीच इचारा," मी म्हटलं, "आमचं बोलणं न्हाय."

तो बिचारा विचारायला गेला. दादानं दारात उभं राहून, माझ्याकडं न बघता, पण मला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "आमच्या पत्र्याचं पाणी ज्यास्नी चालत न्हाय, त्यास्नी आमच्या पत्र्यावरची वायर कशी काय चालंल वं?"

उत्तर चोख होतं. मी मनातल्या मनात दाद दिली आणि बोळात उभा राहून ओरडलो, "नकोच तुमची वायर! आम्ही हवेतनं नेट घेतो! हवा काय कुणाच्या बापाची न्हाय!"

ज्याच्या बापाबद्दल मी ओरडत होतो ते माझे सख्खे थोरले काका, आणि त्यांच्याच खांद्यावर बसून मी लहानपणी कुस्त्या बघायला जायचो, हे घरात आल्यावर लक्षात आलं. पण तोवर टपरीवरची माणसं बोळात आली होती.

हवेतनं नेट येतं हे मी कुठंतरी ऐकलं होतं एवढंच. सुदैवानं ते खरं निघालं. दुकानदारानं बोटाएवढी पांढरी वस्तू दाखवली. पोटात मोबाईलचं सिमकार्ड घालायचं, शेपूट कॉम्प्युटरला खुपसायचं. कुणी तिला डोंगल म्हणायचं, कुणी नेटचा पेनड्राईव्ह. "वायर न्हाय, खांब न्हाय, कुणाच्या पाया पडाय नको," दुकानदार म्हणाला. माझी कहाणी त्याला कुणी सांगितली होती की काय कोण जाणे. दुकानात ते छान चाललं. घरी आणलं आणि एक काडी रेंज येईना.

मग आम्ही घरभर रेंज शोधायला लागलो. मी माळ्यावर चढून बसलो. फळीवर, देवळीत, पत्र्याच्या पेटीवर, सगळीकडं डोंगल ठेवून झालं. मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या मैत्रिणीकडं चाळणीत ठेवतात." म्हणून पिठाची चाळणी आली आणि आठवडाभर आम्ही कोंड्यासकट भाकऱ्या खाल्ल्या. फक्त न्हाणीघरात, बंबाच्या मागं, एक काडी यायची आणि लाजून जायची. तिथं कॉम्प्युटर मांडायची माझी तयारी होती. बायकोची नव्हती.

जागा शेवटी तिलाच सापडली. वटपौर्णिमेचं वाण, आंबे आणि गव्हाची ओंजळ, दगडावर ठेवायला ती परसात गेली होती आणि तेवढ्यात हातातला मोबाईल वाजला. एरवी आमच्या घरात फोन आला की 'हॅलो, हॅलो' करत बोळात पळावं लागायचं. इथं पलीकडचा माणूस कानात बसल्यासारखा बोलत होता. तिनं मोबाईलकडं बघितलं. चार काड्या!

टॉवर दादाच्या घरापलीकडं, रस्त्याच्या त्या अंगाच्या इमारतीवर होता. म्हणजे ज्या हवेसाठी मी छाती पुढं काढून ओरडलो होतो, ती सगळी हवा दादाच्या पत्र्यावरूनच येत होती. पत्र्यावरून घसरायची आणि नेमकी त्या दगडावर पडायची. जिथं बघावं तिथं पन्हळ त्याचीच.

खिडकीतून एक लांब वायर बाहेर काढली आणि तिच्या टोकाला डोंगल लावून दगडावर ठेवायला लागलो. त्यातही गंमत अशी की, दगडाच्या आमच्या अर्ध्यात दोन काड्या आणि त्यांच्या अर्ध्यात चार. मी स्वाभिमानी माणूस. सकाळी डोंगल आमच्या हद्दीत ठेवून कामाला जायचो. मी गेलो की बायको ते वीतभर पलीकडं सरकवायची. कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर तेव्हा माझ्याकडं होतं. इकडची वस्तू तिकडं जाऊ नये, हेच दिवसभर बघायचं माझं काम. घरात ते एक दिवसही जमलं नाही.

पावसाळा होता, म्हणून डोंगलला मी कव्हर केलं. दुधाची पिशवी धुऊन, पुसून, त्यात डोंगल घालायचं आणि तोंडाला रबर. माझ्या मते हा शोध होता. आता वाटतं, त्या पिशवीनंच पुढचा घोटाळा केला. कारण पिशवीत घातलेलं डोंगल लांबून हुबेहूब प्रसादाच्या पुडीसारखं दिसायचं. आणि वहिनी वटपौर्णिमेनंतर शाहूवाडीकडं लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. दगडावर आता ताटाशिवायही काही बसतं, याचा तिला पत्ताच नव्हता. ती परत आली ती बेंदराच्या आदल्या दिवशी.

बाकीचा महाराष्ट्र पोळ्याची वाट बघत बसतो. आम्ही त्याआधीच बेंदूर उरकून मोकळे. पेठेत बैल कुठले? मातीची बैलजोडी आणायची, पाटावर पुजायची, पुरणपोळीचा नैवेद्य. मी रजा घेतली होती. सकाळी डाळ शिजायला घातली आणि मालकांचा फोन आला.

"अक्का, तुमचा मोर लई दाटीवाटीनं बसलाय. पिसारा जरा मोकळा करा. आन् एक सांगतो, सांजच्याला माझा माग रिकामा व्हतोय. तवर आलं तर तुमचंच चढवतो. न्हाय आलं तर जुनंच डिझाइन चढवाय लागतंय. मग दिवाळीपतूर तो माग मोकळा न्हाय व्हायचा."

इचलकरंजीच्या रस्त्याला पाणी आलं होतं, एसटी बंद. पेठेतल्या नेट कॅफेचं शटर सणामुळं खाली. म्हणजे जे काही होतं ते त्या दगडावर.

बायको कॉम्प्युटरपुढं बसली. पुरण माझ्याकडं दिलं. "घोटा, आणि खाली लागू देऊ नका." मी घोटत होतो आणि ती मोराच्या पिसाऱ्यातला एकेक चौकोन काढून टाकत होती. मधे एकदा मी म्हटलं, "आपलं ताट जायचं राहिलंय." ती म्हणाली, "एवढं होऊ दे." दुपार कलायला लागली तेव्हा तिचा मोर मोकळा झाला. तिनं डोंगल पिशवीत घातलं, दगडावर त्यांच्या हद्दीत ठेवलं, फाईल लावून दिली आणि पोळ्या लाटायला आली. आत पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती.

दोन पोळ्या झाल्या असतील. ती बघून यायला उठली. "ही तव्यावरची उलटा," म्हणाली. मी उलटायला हात घातला आणि आतून तिचा आवाज आला, "अहो, नेट गेलं!"

मी कंपनीला शिव्या घातल्या, पावसाला घातल्या, वायर हलवून बघितली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. हे सगळं झाल्यावर परसात गेलो. दगडावर झाकलेलं ताट होतं. फडकं बाजूला केलं. पुरणपोळी, तुपाची वाटी, कटाची आमटी. आमटीच्या वाटीला टेकून आमच्या वायरीचं मोकळं तोंड पडलेलं. डोंगल नव्हतं.

बायको माझ्या मागं येऊन उभी राहिली. दोघांनाही एकदमच कळलं. दगडावर ठेवलेलं उचललं गेलं होतं, आणि त्याच्या बदल्यात ताट आलं होतं. सगळं नियमाला धरून.

"मागा," बायको म्हणाली.

"दगडावरचं मागत नाहीत."

"मग मोर जाऊ दे?"

आता दादाशी बोलणं बंद, म्हणून मी आभाळाकडं बघून बोललो, "हितं एक वस्तू हुती! कुणाला घावली का?"

पलीकडून, पत्र्याकडं तोंड करून असावा, दादाचा आवाज आला. "दगडावर ठिवल्याली वस्तू कोण परत मागायलंय म्हणं? नवीनच रीत निघाली!"

"चुकून ठिवलीती, म्हणावं!"

"बारा महिन्याच्या सणाला चुकून ठिवत्यात व्हय?"

असं आम्ही दोघं आभाळाशी आणखी किती वेळ बोललो असतो सांगता येत नाही. बायकोनं मला खांद्यानं बाजूला केलं आणि भिंतीवरून वाकून सरळ हाक मारली, "ताई! ओ ताई!"

वहिनी दारात आली. तिच्या कपाळाला हळद लागली होती.

"काय गं?"

"ताई, दगडावरची पुडी तुम्ही घेतलासा?"

"घेतलो की. सकाळधरनं वाट बघतोय तुमच्या ताटाची. मनात म्हटलं, यंदा पाठवत न्हाईत जणू. आता ताटबी बंद, म्हटलं. मग बघतोय तर ही पुडी. म्हटलं, असू दे, पुडी तर पुडी. जीव आला बघ माझ्यात."

"आणि वायर होती ती?"

"मला वाटलं, वाऱ्यानं उडू न्हाय म्हणून बांधलंय. ह्यांचं काय काय चालू असतंयच की." हे बोलताना तिनं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि बघितलं ते असं.

"आता कुठाय ती?"

"कुठं असणार? बैलांम्होरं. हळदकुंकू घातलंय."

आमच्या घराण्यात बैलांपुढं मांडलेलं दिवेलागणीपर्यंत हलवायचं नाही. हे त्या घरात होतं आणि आमच्याही घरात होतं. बायको स्वतः कधी पाटावरचं फूल सरकवू द्यायची नाही. तिनं मागितलं नाही. नुसता भिंतीवर हात ठेवून उभी राहिली आणि त्या दगडाकडं बघत राहिली. मला एकदम वाटलं, आता ही "बघू" म्हणणार. पुन्हा कधी काही मागणार नाही.

दादा पुढं आला. तोही पहिल्यांदाच आभाळ सोडून माणसाशी बोलला. "काय हाय गं त्यात एवढं?"

तिनं सांगितलं. मोर, माग, सांज, मालक, दिवाळी, सगळं एका दमात. दादा ऐकत होता. वहिनीनं तोंडाला पदर लावला.

"आमचा फोन तरी दिला असता," दादा म्हणाला, "पर पाऊस पडल्यापासनं मुकाच हाय. वायर सगळी भिजून गेलीया." असं म्हणताना त्याला लाइनमनला दिलेलं उत्तर आठवलं असणार, कारण तो मिशीत हसला. मग म्हणाला, "पुडी हलवायची न्हाय, बरोबर हाय. पर तुमचं यंत्र हलवाय काय धाड भरलीया?"

मी त्याच्याकडं बघितलं. डोकं कमी चालणारा कोण, हे त्यानं सासऱ्यांना बरोबरच सांगितलं होतं.

बोळात पाणी साठलं होतं, म्हणून कॉम्प्युटर भिंतीवरूनच द्यायचा ठरला. आधी कॉम्प्युटरचा डबा दिला, मग कीबोर्ड. मॉनिटर तेव्हाचा, मागं कुबड असलेला, पिकल्या फणसाएवढा जड. मी तो छातीशी धरून भिंतीपाशी गेलो, दगडावर क्षणभर टेकवावा म्हणून खाली घेतला, तर पलीकडून दादा ओरडला, "टेकवू नगंस रं दगडावर! टेकलास तर आमचा झाला बघ!"

मला हसू फुटलं. जड वस्तू धरून हसता येत नाही. बायको ओरडली, वहिनी ओरडली, दादानं पलीकडून हात घालून मॉनिटर धरला, पण तोही हसत होता. आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना मॉनिटर धरून, तो न टेकवता, न सोडता, हसत उभे होतो. शेवटी मुलीनं छत्री टाकून खालून हात दिला, तेव्हा कुठं तो त्या घरात गेला.

मग मी भिंतीवरून गेलो. उडी आता कुठली? स्टुलावर चढलो, दगडाला वळसा घालून पोट घासत पलीकडं उतरलो. दगडावर बसलो असतो तर मीही त्यांचाच झालो असतो.

देवापुढच्या पाटावर मातीची बैलजोडी. तिच्यापुढं दुधाच्या पिशवीतलं आमचं डोंगल, वर हळदकुंकू, शेजारी दोन विड्याची पानं. वहिनीनं हलक्या हातानं पिशवीचं तोंड सोडलं. डोंगल जागचं तसूभर हलू दिलं नाही. आम्ही वायर त्याच्याजवळ नेली आणि शेपूट जोडलं. त्याचा निळा दिवा लागला, तेव्हा तो कुंकवातून लागल्यामुळं जांभळा दिसला. बायको जमिनीवर मांडी घालून बसली. टॉवर इथून अगदी समोरच. रेंज काठोकाठ.

पट्टी सरकायला लागली. दादा मांडीवर हात ठेवून पडद्याकडं बघत होता. मोर पहिल्यांदाच बघत होता.

"हे तू काढलास?"

"व्हय."

"हातानं?"

"एकेक चौकोन."

"आन् आम्ही समजत हुतो, तुमच्यात दिवसभर पिक्चर बघत्यात." मग थोड्या वेळानं, पट्टी थांबल्यासारखी वाटली तेव्हा, "कुठवर गेला असंल गं मोर?"

"शिरोलीला असंल," मी म्हटलं.

"एवढ्यात? हातकणंगल्याला म्हैस आडवी आली तर?"

वहिनी म्हणाली, "गप बसा दोघंबी." ती बैलांकडं बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. बैलांचा आणि इंटरनेटचा काय संबंध, असं विचारण्याइतका मी तेव्हाही मूर्ख नव्हतो.

पट्टी भरली. गेलं. बायकोनं लगेच फोन लावला. त्या घरात तो लागलाही लगेच. पलीकडून मागांचा खडखडाट ऐकू येत होता आणि त्यातून मालकांचा आवाज, "आलं अक्का, आलं! आता कसा मोर मोकळा झालाय. चढवतो बघा."

तिनं फोन मांडीवर ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. वहिनीनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. बोटाला डोंगलचंच लागलेलं होतं.

"आता तुमचं ताट आणा," वहिनी म्हणाली, "धाकट्या घराचं आधी असतंय. यंदा उलटं झालं."

तेव्हा मला तव्यावरची पोळी आठवली. ताटात गेलेल्या पोळ्यांत तीही होती, कारण दोनाचं ताट शोभत नाही असं बायकोचं म्हणणं. ताट दगडावर ठेवलं, वहिनीनं उचललं, फडकं काढून बघितलं.

"ह्यो कोळसा कुणी भाजला?"

"गरीब हाय," दादा आतून म्हणाला.

काम कायमचं मिळालं. बायकोचे काठ आजही विणले जातात. तिचा मोर मी बसमध्ये, लग्नात, भाजी मंडईत अनोळखी बायकांच्या पदराला बघितलाय आणि उगीचच नमस्कार घालून त्या बायकांना घाबरवलंय.

पावसाळा सरल्यावर एक दिवस दादा स्वतः आमच्या दारात आला, बोळातनं, चप्पल काढून. "लाइनमनला बलीव. वायर ने आमच्या पत्र्यावरनं. मी हाय उभा." मी बायकोकडं बघितलं. तिनं चहा ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, आता नको. दगडावर चांगलं चाललंय की." दादा जरा हिरमुसला. पण चहा पिऊन होईपर्यंत त्याला पटलं असावं, कारण जाताना तो दगडाकडं वळला आणि डोंगल आमच्या अर्ध्यातून उचलून स्वतःच्या अर्ध्यात ठेवून गेला. पन्हळीचं पाणी अजून आमच्याच परसात पडतं. त्याखाली आम्ही पिंप ठेवलंय. सांडत होतं तोवर त्याच्यावरून भांडण होतं. भरायला लागल्यावर कुणी त्याच्याबद्दल बोलेना.

दिवाळीच्या आधी मालकांनी एसटीनं एक साडी पाठवली, मोराच्या काठाची, मागावरची पहिली. बायकोनं ती उलगडली, काठावरून हात फिरवला, परत घडी घातली आणि पाडव्याच्या ताटात ठेवून दगडावर ठेवली. मी म्हटलं, "अगं, पहिली आहे. आपल्याकडं राहू दे."

"ठेवली आता," ती म्हणाली.

पलीकडून वहिनी आली. साडी बघितली, बायकोकडं बघितलं, ताट उचलून आत गेली. आम्ही वाट बघत उभे होतो; रिकामं भांडं येत नाही हे माहीत होतं. बऱ्याच वेळानं ताट परत आलं. त्यात चिरोटे होते, आणि चिरोट्यांच्या शेजारी, नातवासाठी शिवलेल्या कुंच्यांतून उरलेल्या मेणकापडाची, आत मऊ अस्तर लावलेली, बोटभर उंचीची एक कुंची होती. गळ्याशी बांधायला दोन बंदसुद्धा होते.

"त्या दुधाच्या पिशवीत गारठतंय ते," वहिनी म्हणाली.

मी डोंगलला कुंची घातली, बंद बांधले आणि दगडावर ठेवलं. त्यांच्या अर्ध्यात.